पणजोबांची टाकसाळ

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. "एकोणसत्तर" आणि "एकोणऐंशी" यांत माझी अजूनही तारांबळ उडते आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका! तरीसुद्धा मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असा आमच्या संपादक मंडळाचा (म्हणजे माझ्या रूममेटचा) आग्रह होता. कविता मला येत नाही. "पाऊस" आणि "मैत्री" हे दोन्ही विषय दरवर्षीप्रमाणे यंदाही बुक झालेले आहेत. तेव्हा म्हटलं, आपण पैशावर लिहू. म्हणजे फीवर नाही. पैशावर. एका पैशावर.

मेकॅनिकलवाल्यांना आठवत असेल, मेटल फॉर्मिंगच्या चॅप्टरमध्ये "कॉइनिंग" नावाची एक प्रोसेस असते. दोन डायच्या मध्ये चकती ठेवायची आणि एवढा दाब द्यायचा की धातू वाहत जाऊन डायच्या बारीकसारीक रेघेत शिरतो. पेपरात चार मार्कांना येते. व्यवस्थित आकृती काढली की चारपैकी तीन कुठे गेले नाहीत. मीही तशीच पाठ केली होती. पण या प्रोसेसचा इतिहास शोधायला म्हणून लायब्ररीत बसले आणि तिथे मला भेटला जॉन विल्किन्सन. हा इंग्लंडमधला लोखंडाचा कारखानदार. तोफा कोरायचं एक मशीन त्यानं १७७४ साली काढलं आणि त्याच पद्धतीनं कोरलेल्या सिलिंडरमुळे जेम्स वॅटचं इंजिन वाफ न गळता चालायला लागलं. म्हणजे आपल्या सगळ्यांचा एक प्रकारे पणजोबाच! तर या गृहस्थानं १७८७ साली स्वतःची तांब्याची नाणी पाडली आणि जिथे राजाचा चेहरा असतो तिथे सरळ स्वतःचा चेहरा छापला. जाकीट, केस, दुहेरी हनुवटी, सगळं काही.

मला वाटलं त्याला पकडलं असेल. कसलं काय! मजूर तीच नाणी घेऊन बाजारात जात होते आणि दुकानदार ती घेत होते. कारण देशात मोडच नव्हती. १७७५ नंतर इंग्लंडच्या सरकारी टाकसाळीनं तांब्याची नाणी पाडणं जवळजवळ बावीस वर्षं बंद ठेवलं. तांबं म्हणजे गरिबांचा पैसा, त्याच्यात सरकारला रस नव्हता. इकडे कारखाने निघत होते, मजुरांना आठवड्याला पगार द्यायचा होता, आणि द्यायला सुट्टे नाहीत. बाजारात होती ती बहुतेक खोटी नाणी. मॅथ्यू बोल्टन (वॅटचा पार्टनर) म्हणायचा की टोलनाक्यावर मला जी मोड परत मिळते त्यातली दोन तृतीयांश खोटी असते. आपल्याकडे फास्टॅग यायच्या आधी टोलनाक्यावर सुट्ट्यांऐवजी चॉकलेट हातावर ठेवायचे, ते माझ्या बाबांना अजून आठवतं. चॉकलेट निदान खाता तरी येतं!

मग लोकांनी आपापली सोय केली. वेल्समधल्या अँगलसी बेटावर तांब्याची मोठी खाण होती. त्या पॅरिस माइन कंपनीनं १७८७ मध्ये एका दाढीवाल्या पुजाऱ्याचं तोंड असलेली पेनी काढली आणि कडेवर कोरलं की लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीला या, पैसे मिळतील. म्हणजे ही नुसती चकती नव्हती, वचन होतं. पुढच्या दहा वर्षांत किराणावाले, पुस्तकवाले, गिरण्या, सगळ्यांनी अशी टोकनं काढली. कुणाकडून घ्यायचं आणि कुणाकडून नाही, हे लोक आपसात ठरवायचे. ज्याच्या दुकानात ते परत चालतं त्याची पत. ज्याच्याकडे चालत नाही त्याचं नुसतं तांबं!

आणि आता खरी गंमत. टोकन छापायला सरकारची परवानगी लागत नाही म्हटल्यावर त्याच्यावर काहीही छापता येतं की! लंडनमध्ये टॉमस स्पेन्स नावाचा एक मास्तर होता. जमीन कुणा एकाची नसावी, गावाची असावी, असं त्याचं म्हणणं. त्या काळी एडमंड बर्कनं सामान्य लोकांना डुकरांचा कळप म्हटलं होतं. स्पेन्सनं लगेच आपल्या साप्ताहिकाचं नाव ठेवलं "पिग्ज मीट". १७९४ साली त्याला राजद्रोहाच्या संशयावरून काही महिने तुरुंगात टाकलं. बाहेर आल्यावर हा गप्प बसला का? छे! त्यानं तांब्यात बोलायला सुरुवात केली. एका टोकनवर गाढव, पाठीवर दोन ओझी, एक खंडाचं आणि दुसरं करांचं, आणि गाढव म्हणतंय की पहिलंच ओझं उचललं तेव्हाच मी गाढव ठरलो. एकावर मांजर, ती म्हणते की या गुलामांत मीच तेवढी मोकळी. एकावर डुक्कर, राजाच्या आणि चर्चच्या चिन्हांवर पाय देऊन उभं. ही टोकनं तो खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांवर फेकायचा म्हणे! पेपर जप्त करता येतो, पुस्तक जाळता येतं. पण खिशातल्या अर्ध्या पेनीचं काय करणार? पाव आणायला निघालेली बाई ती घेऊन चालली आहे.

उलट बाजूचे लोकही गप्प नव्हते हं. टॉमस पेन या क्रांतिवाद्याला फासावर लटकवलेलं दाखवणारी टोकनंही निघाली. त्याच्या नावाचा अर्थ "वेदना" असाही होतो, म्हणून त्याच्यावर लिहिलं "वेदनेचा अंत". म्हणजे एकाच दुकानदाराच्या गल्ल्यात डावे-उजवे शेजारी शेजारी खणखणत होते.

पुढे अमेरिकेतही हेच झालं. १८३७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं, लोकांनी नाणी दडवून ठेवली, मोड गायब. लगेच सेंटाच्या आकाराची खाजगी तांब्याची टोकनं बाजारात. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन एका हातात तलवार, एका हातात पैशाची थैली घेऊन तिजोरीतून डोकं काढतोय आणि म्हणतोय "जबाबदारी माझी!" त्याच्यानंतरच्या व्हॅन ब्यूरनवर पळणारं गाढव, मी माझ्या थोर पूर्वसुरींच्या पावलावर पाऊल टाकतो, असं म्हणणारं. तिजोरी पाठीवर घेऊन निघालेलं कासव. हे वाचताना मी लायब्ररीत एवढी हसले की समोरच्या जीआरईवाल्यानं जागा बदलली.

आपल्याकडे असं कुणी केलं का, हा प्रश्न मला पडला. आणि माझ्यासारख्या मुलीचं पहिलं उत्तर अर्थातच "नसेल". पण मराठेशाहीत टाकसाळ ही सरकारी इमारत असायलाच पाहिजे असं नव्हतं. पेशव्यांच्या काळात सरकार परवाना द्यायचं, कुणा सोनाराला, कुणा सावकाराला. त्यानं नाण्याचं वजन आणि कस सांभाळायचा आणि सरकारात ठरलेली रक्कम भरायची. आपल्या चिंचवडलाही टाकसाळ होती. (चिंचवडला आजही डाय आणि प्रेसचंच काम चालतं, फक्त माल वेगळा!) न्यायमूर्ती रानड्यांनी या टाकसाळींवर निबंधच लिहून ठेवलाय. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमाराला, म्हणजे १६७४ च्या आसपास, सुरू केलेली शिवराई अशा किती ठिकाणी, किती हातांनी पाडली गेली असेल! एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे पुष्कळ नाण्यांवर अक्षरं अर्धी कापलेली. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे "शिव" हे कुठे "सिव" आहे तर कुठे "सीव". दहावीपर्यंत माझे ज्याच्यासाठी मार्क कापले गेले ते साक्षात चलनात खपून गेलं होतं!

१८१८ साली इंग्रजांनी पेशवाई बुडवली. पण शिवराई बुडाली नाही. दोन शब्दांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली "दुदांडी" शिवराई त्यानंतरही चालत राहिली. म्हणजे राज्य कंपनी सरकारचं, आणि बाजारात मिठा-मिरचीला छत्रपतींचं नाव हातोहात फिरतंय. कुणी मुद्दाम केलेली ही चेष्टा नव्हती. पण स्पेन्सला ती फार आवडली असती.

आणि एक योगायोग सांगायलाच हवा. तो टोलनाक्यावरचा बोल्टन आठवतोय? त्यानं बर्मिंगहॅमजवळ सोहोला वाफेवर चालणारे छापे बसवले आणि तिथे १७९१ मध्ये आपल्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडली. एका बाजूला कंपनीचा शिक्का, दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसीत "अदल", म्हणजे न्याय. इंग्लंडच्या राजासाठी त्यानं पेन्या पाडल्या त्या १७९७ मध्ये. म्हणजे वाफेच्या यंत्रावरचं गोल गरगरीत नाणं मुंबईकरांच्या हातात लंडनवाल्यांच्या सहा वर्षं आधी पडलं. हे मी आमच्या एचओडी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "सबमिशन झालं का?"

असो. आता कवठे येमाईला जाऊ.

कवठे येमाई हे माझं आजोळ. पुण्याहून शिरूर आणि शिरूरहून आत. येमाईच्या देवळामुळे गावाचं नाव पडलं. पलीकडे घोड नदी, सगळीकडे कांदा आणि ऊस, आणि उसात बिबट्या, त्यामुळे दिवेलागणीनंतर मला कुणी बांधाकडे फिरकू देत नाही. तमाशाशी या गावाचं जुनं नातं आहे. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर इथलेच. त्यांनी फडांसाठी कितीतरी वग आणि गाणी लिहिली, राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, २०२१ साली ते गेले. मी लहानपणी तमाशा पाहिलेला नाही. आमच्या शाळेत "तमाशा" हा शब्द फक्त "डोंट क्रिएट अ तमाशा" एवढाच माहीत! आजीकडून जे कळलं ते असं, की गण होतो, गवळण होते आणि मग बतावणीत सोंगाड्या सुटतो. तो पाटलाला सोडत नाही, आमदाराला सोडत नाही, समोर बसलेल्या सरपंचालाही सोडत नाही, आणि सरपंच सगळ्यात मोठ्यानं हसतो आणि खिशात हात घालून दौलतजादा करतो. चेष्टा आणि चिल्लर एकाच मांडवात! स्पेन्स खिडकीतून लोकांवर फेकायचा, इथे लोक सोंगाड्यावर फेकतात, एवढाच फरक.

आजीच्या देवघरात टाकांच्या शेजारी एक पितळी डबी आहे. तिच्यात पाच शिवराया, दोन भोकाचे पैसे आणि एक काहीतरी. ते "काहीतरी" मला या दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा नीट पाहायला मिळालं. तांब्याच्या पत्र्याची चकती. कात्रीनं नाही, छिन्नीनं कापलेली, कारण कडेला बर आहे. मी व्हर्नियर घेऊनच गेले होते (हसू नका). जाडी एका बाजूला सव्वा मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला जवळजवळ दीड. एका तोंडावर "ये" असं एक अक्षर ठोकलेलं, दुसरं तोंड कोरं. बस्स.

"हे गं काय आजी?"

"ते व्हय? मामंजींचा पैसा तो."

मामंजी म्हणजे आजीचे सासरे, माझ्या आईचे आजोबा, माझे पणजोबा. त्यांचं किराणा दुकान होतं. आता तेच दुकान मामा चालवतात. आजीनं हे तिच्या सासूबाईंकडून ऐकलेलं. लढाईच्या दिवसांत गावात मोड मिळेना. रॉकेल नाही, साखर नाही, आणि पैसाही नाही. मग पणजोबांनी घरातलं फुटकं घंगाळ कापून चकत्या पाडल्या, "ये" ठोकला, म्हणजे येमाई. कुणाचा एक पैसा परत द्यायचा असला की एक चकती. तिचं मीठ न्या, काडेपेटी न्या, नाहीतर पुढच्या बाजाराला हिशेबात धरा. गावाबाहेर किंमत शून्य.

ही गोष्ट खोटी वाटायचं कारण नाही, कारण त्या वर्षांत सगळ्या देशातच सुट्ट्यांचा दुष्काळ होता. काठेवाडातल्या काही संस्थानांनी तर पुठ्ठ्याचे पैसे काढले होते. तांबं युद्धात लागत होतं, म्हणून सरकारनं १९४३ मध्ये भोकाचा पैसा आणला. आधीच्या पैशाच्या निम्म्याहून कमी वजन, जेमतेम दोन ग्रॅम. डिझाइन म्हणून पाहिलं तर उत्तम आहे, मटेरियल वाचलं आणि अंधारात हाताला कळतंही. पण पणजोबांचं मत वेगळं होतं. गिऱ्हाइकाच्या एका हातावर सरकारचा भोकाचा पैसा आणि दुसऱ्यावर आपली चकती ठेवून ते म्हणायचे, "मधलं त्यांनी खाल्लं, काठ तेवढा आपल्याला ठिवला. आपला बघा, आख्खा हाय!"

मी आजीला हे तीनदा म्हणायला लावलं. जॅक्सनच्या तिजोरीवर जे लायब्ररीत हसले त्याच्यापेक्षा जास्त हसले.

नंतर कॉलेजात येऊन पाहिलं तर आणखी मजा. १८८९ साली ब्रिटिश सरकारनं मेटल टोकन्स अॅक्ट केला होता. पैसे म्हणून वापरायला धातूचे तुकडे कुणी बनवायचे नाहीत, चालवायचेही नाहीत. म्हणजे माझे पणजोबा कायद्यानं गुन्हेगार! तो कायदा २०११ च्या कॉइनेज अॅक्टमध्ये विलीन झाला, बंदी मात्र कायम आहे. तेव्हा कॅन्टीनवाल्या काकांनी प्लास्टिकच्या टोकनांवर समाधान मानलं हे बरंच केलं. (त्याच २०११ च्या जूनअखेर चार आणेही बाद झाले. आता कायद्यानं सगळ्यात लहान नाणं पन्नास पैशांचं, पण ते घेऊन जा बघू कुठल्या दुकानात!)

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण त्याच सुट्टीत दुसऱ्या दिवशी सकाळी मामा त्या डबीचे फोटो काढताना दिसले. एकेका शिवराईचे, दोन्ही बाजूंनी, पांढऱ्या कागदावर ठेवून.

"मामा, कशाला?"

ते आधी काही बोलले नाहीत. मग फोन माझ्याकडे सरकवला. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला होता, जुनी नाणी विका आणि लखपती व्हा. मामांनी त्या नंबरवर फोन केला होता. तिकडच्या माणसानं एका शिवराईचे साडेतीन लाख सांगितले. त्याआधी रजिस्ट्रेशनचे दोन हजार एकशे पन्नास. ते मामांनी भरले होते. आता "टॅक्स क्लिअरन्स"चे साडेबारा हजार आज संध्याकाळपर्यंत भरायचे होते, मग माणूस गाडी घेऊन घरी येणार, रोख मोजणार. सोबत रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र, शिक्क्यासकट. त्या पत्रातलं इंग्रजी असं होतं की आमच्या शाळेच्या सिस्टरनी ते वाचून छातीवर क्रॉस केला असता.

मी म्हटलं, "मामा, हे खोटं आहे."

"तुला काय माहीत?"

मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय की आम्ही जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नसतो आणि कुणाकडून कमिशन किंवा फी मागत नाही. दुदांडी शिवराया एवढ्या पाडल्या गेल्यात की साधी असेल तर शे-पन्नास रुपयांना मिळते. आणि नुसतं तांबं म्हणून विकायची तर सात-आठ रुपये. मी हे भराभर बोलत गेले, वायवात बोलतो तसं. मामा ऐकत होते. मग ते म्हणाले,

"तुझी फी तुझा बाप भरतो. नोकरी आहे त्याला. माझ्या कांद्याचं काय झालं ते तू बघितलंस. पोरीला फार्मसीला नंबर लागलाय, पहिला हप्ता कुठून आणू? साडेतीन नको, त्याने पन्नास हजार दिले तरी चाललं असतं."

मामेबहीण दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मला उत्तर सुचलं नाही. मला नाण्यांची किंमत माहीत होती आणि मामांना पैशाची गरज माहीत होती, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. त्या फोनवरच्या माणसाला मात्र तो संबंध बरोबर कळला होता. त्याचा धंदाच त्याच्यावर. इतिहासात असे लोक नेहमीच होते म्हणा. महंमद तुघलकानं १३३० च्या सुमाराला, राजधानी आपल्या दौलताबादला हलवून झाल्यावर, चांदीच्या टंक्याऐवजी पितळ-तांब्याची टोकनं काढली, तर घराघरात टाकसाळ निघाली असं बरनी लिहून गेलाय. शेवटी सुलतानाला ती सगळी परत घेऊन खऱ्या नाण्यांत मोजून द्यावी लागली. पण निदान तो देणारा तरी होता!

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला. मामांनी तक्रार नोंदवली, हळू आवाजात, दुकानाचं शटर अर्धं ओढून. तक्रारीचा नंबर उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहिला. दोन हजार एकशे पन्नास हे आकडे सांगताना त्यांचा आवाज जरा घोगरा झाला होता. ते पैसे म्हणजे दुकानातला किती दिवसांचा नफा, हे मी विचारलं नाही.

आजी तोवर सगळं ऐकत बसली होती. ती उठली, डबी घेऊन आली आणि मामांच्या पुढे ठेवून म्हणाली, "त्याला मामंजींच्या पैशाचा फोटू पाठवलास का?"

पाठवला होता. त्या माणसाचं उत्तरही आलं होतं. हे भंगार आहे, फेकून द्या.

यावर मामा पहिल्यांदा हसले. असे की हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि कशानं पुसले ते मी पाहायचं टाळलं.

दुपारी त्या माणसाचे तीन फोन आले. मामांनी उचलले नाहीत. चौथ्यांदा मेसेज आला, पेमेंट का केलं नाही, ऑफर आज रात्री बारा वाजता संपणार. मी नंबर ब्लॉक करायला फोन मागितला, तर मामा म्हणाले, "थांब जरा. माझा हिशेब राहिलाय."

त्यांनी गल्ल्याच्या फळीवर पांढरा कागद पसरला. त्याच्यावर ती "ये"ची चकती ठेवली, शेजारी एक भोकाचा पैसा. नीट उजेड पडेल असा फोटो काढला आणि खाली एका बोटानं, सावकाश टाइप केलं: "तुमची फी पाठवत आहे. मधलं तुम्ही खाल्लं आहे, काठ आमच्याकडे आहे. ही चकती घेऊन दुकानात या, एका पैशाचं मीठ मिळेल. पत्ता कवठे येमाई."

दोन निळ्या टिका आल्या. मग प्रोफाइलचा फोटो गायब झाला. त्यानंच आम्हाला ब्लॉक केलं होतं!

मामेबहिणीचा पहिला हप्ता माझ्या आईनं आणि मामांनी मिळून भरला, अर्धा-अर्धा, आणि त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिवराया देवघरात परत गेल्या. "ये"ची चकती मात्र मामांनी डबीत ठेवली नाही. दुकानात क्यूआर कोडचा जो बोर्ड आहे, त्याच्या कोपऱ्यात ती चिकटवून ठेवली आहे. पोरं विचारतात, मामा, हे काय? तेव्हा मामा गिऱ्हाईक बाजूला ठेवून सांगायला बसतात.